कर्नल टॉम पार्कर : अडत, भागीदारी आणि वारसा

१

विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना गायकाच्या कंठाचा जेवढा विचार केला जातो तेवढा त्याच्या हिशेबाच्या वह्यांचा केला जात नाही. कलावंत आणि त्याचा व्यवहार पाहणारा मनुष्य ह्यांचा संबंध हा चरित्राचा, फार तर कुचाळकीचा विषय मानला जातो. इतिहासाचा मानला जात नाही. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली (१९३५–१९७७) आणि त्याचा व्यवस्थापक ‘कर्नल’ टॉम पार्कर (१९०९–१९९७) ह्यांच्या बाबतीत मात्र हा संबंध न्यायालयापर्यंत गेला, त्याची रीतसर चौकशी झाली आणि त्याच्या अनुषंगाने उठलेल्या वादांतून एका राज्याचा कायदाही घडला. म्हणून ह्या प्रकरणाचा विचार केवळ किस्से सांगून संपविता येत नाही.

पार्करविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात एक आकडा पुनःपुन्हा येतो : पन्नास टक्के. गायकाच्या मिळकतीतील निम्मा वाटा व्यवस्थापकाने घेतला, ह्या एका वाक्यात त्याचा निकाल लावण्याची प्रथा आहे. वस्तुतः निम्मा वाटा घेणे हे स्वतःसिद्ध पाप नव्हे. व्यापारात दोन भागीदार नफा निम्मानिम्म वाटून घेतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. प्रश्न असा आहे की, पार्कर प्रेस्लीचा कोण होता? सल्लागार, व्यवस्थापक की भागीदार? हे तीन शब्द तीन निरनिराळी नाती दाखवितात, आणि प्रत्येक नात्याबरोबर निरनिराळी कर्तव्ये येतात. पार्करने प्रत्येक नव्या शब्दाबरोबर नवा हक्क मिळविला; त्या शब्दाला चिकटलेले कर्तव्य मात्र बाजूस ठेविले. वादाचा गाभा टक्केवारीत नसून ह्या शब्दांत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आपल्या बाजारपेठांत हा भेद फार जुना आहे. दुसऱ्याचा माल विकून देणारा तो अडत्या. तो अडत घेतो, पण माल त्याचा नसतो आणि बुडीत खातेही त्याचे नसते. भागीदार नफ्याबरोबर तोट्याचाही धनी असतो. अडत्याने मालकाच्या पाठीमागे आपलाच व्यवहार साधला तर तो नफा मालकाचा ठरतो. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) दहाव्या प्रकरणातही हेच तत्त्व ग्रथित झाले आहे. ही कसोटी हाती धरून पार्करच्या व्यवहाराकडे पाहणे सोयीचे होईल.

२

प्रथम ह्या माणसाच्या नावाचीच चिकित्सा करणे भाग आहे. कारण ‘कर्नल टॉम पार्कर’ ह्या नावातील एकही शब्द त्याला जन्माने मिळालेला नव्हता. त्याचे मूळ नाव आंद्रेआस कॉर्नेलिस व्हान काउक. तो २६ जून १९०९ रोजी नेदरलँड्समधील ब्रेडा ह्या गावी जन्मला. १९२९ च्या सुमारास तो परवान्यावाचून अमेरिकेत उतरला, टॉमस पार्कर हे नाव त्याने घेतले आणि त्या नावाने अमेरिकन सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाला. हवाई बेटांत त्याची काही काळ नेमणूक होती. पुढे विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि १९३३ साली मानसिक अस्वास्थ्याच्या कारणावरून त्याला सैन्यातून मुक्त करण्यात आले. म्हणजे सैन्यातील त्याचा खरा दर्जा शिपायाचाच होता. ‘कर्नल’ ही पदवी त्याला १९४८ साली लुइझिआना राज्याचे गव्हर्नर जिमी डेव्हिस ह्यांनी दिली. ती केवळ मानाची होती. डेव्हिस हे स्वतः गायक होते, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा मानद कर्नलांची परंपरा जुनी आहे; तेथे कोणी त्यावरून लढाईचा अर्थ घेत नाही. परंतु पार्करने ती पदवी इतक्या कसोशीने वापरली की पुढे ती त्याचे नावच होऊन बसली.

१९३० नंतरची कित्येक वर्षे त्याने फिरत्या जत्रांत घालविली. तंबू, पाळणे, जनावरांचे खेळ आणि तिकिटांच्या खिडक्या ही त्याची पाठशाळा. १९४० नंतर फ्लॉरिडातील टँपा येथे प्राणिदया संस्थेत भटकी कुत्री पकडण्याचे कामही त्याने केले. त्यानंतर तो गायकांच्या व्यवहारांकडे वळला. एडी आर्नल्ड ह्या ग्रामीण ढंगाच्या गायकाचे व्यवस्थापन त्याने १९४५ ते १९५३ पर्यंत केले. आर्नल्डकडूनही तो पंचवीस टक्के घेत असे. तथापि त्याच्यासाठी दुसरा गायक हाती धरत नसे. एकच गिऱ्हाईक, संपूर्ण लक्ष आणि चढा दर, ही त्याची व्यवसायाची रीत प्रेस्लीच्या आधीच ठरलेली होती.

जत्रेच्या जगातील एक शब्द त्याच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकतो. त्या मंडळींच्या बोलीत ‘स्नो’, म्हणजे बर्फ, ह्या शब्दाचा क्रियापदासारखा उपयोग होई व त्याचा अर्थ गोड बोलून भुलविणे असा होता. पार्करने ह्या शब्दावरून एक विनोदी मंडळच स्थापिले होते आणि मोठमोठ्या लोकांना तो त्याचे सभासद करून घेई. सभासद होण्यास काही पडत नसे. बाहेर पडावयाचे असल्यास मात्र दहा हजार डॉलर द्यावे लागतील, असा त्याचा नियम सांगितला जाई. ही थट्टाच होती. परंतु करारात शिरणे सोपे आणि निघणे कठीण असावे, हे त्याच्या धंद्याचे सूत्रही ह्या थट्टेत सापडते.

३

एल्विस प्रेस्ली हा १९५४ च्या जुलैमध्ये मेंफिस शहरातील ‘सन’ ह्या लहानशा कंपनीसाठी गाऊ लागला. त्याचे व्यवहार पुढे बॉब नील हा स्थानिक रेडिओ-निवेदक पाहू लागला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी झालेल्या करारात पार्करचे नाव प्रथम आले, ते ‘विशेष सल्लागार’ म्हणून. प्रेस्लीचे वय त्या वेळी वीस वर्षांचे असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान होता. म्हणून आईबापांची संमती घ्यावी लागली. सल्लागार हा शब्द नम्र आहे. सल्ला मानणे वा न मानणे हे दुसऱ्याच्या हाती असते. परंतु ह्या नम्र शब्दाच्या आडून पार्करने चार महिन्यांच्या आत सर्व सूत्रे हाती घेतली. नोव्हेंबर १९५५ मध्ये आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने प्रेस्लीचा करार ‘सन’कडून ३५ हजार डॉलरना विकत घेतला. ‘अटलांटिक’ ह्या दुसऱ्या कंपनीने त्याआधी २५ हजार देऊ केले होते. एका नवख्या गायकासाठी ही रक्कम त्या काळी मोठीच मानली गेली.

२६ मार्च १९५६ रोजी पार्कर हा प्रेस्लीचा एकमेव व्यवस्थापक झाला व त्याचा वाटा पंचवीस टक्के ठरला. त्या धंद्यात सामान्यतः दहा ते वीस टक्क्यांची रीत होती. त्याच सुमारास हँक स्नो हा प्रसिद्ध गायक पार्करचा एका कंपनीत भागीदार होता. प्रेस्लीच्या करारात आपलाही निम्मा भाग आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्याच्या पदरी काहीच पडले नाही. भागीदार ह्या शब्दाचा पार्कर कसा उपयोग करीत असे, ह्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

परंतु ह्या पहिल्या कालखंडात पार्करने केलेले काम नाकारता येत नाही. त्याने प्रेस्लीला काही महिन्यांत सर्व देशाच्या दूरचित्रवाणीवर नेले, चित्रपटांचे करार मिळवून दिले आणि गायकाचे नाव व चित्र ह्यांना बाजारात स्वतंत्र किंमत आहे हे ओळखले. १९५६ सालीच प्रेस्लीच्या नावाचे बिल्ले, टोप्या, पायमोजे, ओठांची लाली आणि अशा कित्येक वस्तू परवान्याने तयार होऊ लागल्या. प्रेस्लीचा तिटकारा असणाऱ्यांसाठीही पार्करने बिल्ले काढले, अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या व्यापारी दृष्टीशी ती जुळते : गिऱ्हाईक स्तुती करो वा निंदा, पैसा एकाच पेटीत पडावा. १९५८ ते १९६० पर्यंत प्रेस्ली सैन्यात असताना त्याचे नाव लोकांच्या विस्मरणात जाणार नाही ह्याचीही पार्करने काळजी घेतली. मार्च १९६१ मध्ये पर्ल हार्बर येथे बुडालेल्या ‘अ‍ॅरिझोना’ ह्या युद्धनौकेच्या स्मारकासाठी त्याने प्रेस्लीचा कार्यक्रम ठेविला व त्यातून ५० हजार डॉलरांवर निधी उभा राहिला. व्यवस्थापक ह्या शब्दाला साजेल असेच हे काम होते.

४

येथून पुढे मात्र व्यवहाराचे स्वरूप पालटू लागले. १९५६ ते १९६९ ह्या काळात प्रेस्लीने एकतीस कथापटांत भूमिका केल्या. ह्या चित्रपटांचा मोबदला वाढत वाढत दर चित्रपटास १० लाख डॉलरपर्यंत गेला. पैसा निश्चित होता. परंतु कथा, संगीत व दिग्दर्शन ह्यांच्या दर्जाविषयी करारात काही नसे. पार्करला निश्चित आकडा आवडे. चांगली संहिता ही करारात लिहिता न येणारी गोष्ट होती.

गीतांच्या बाबतीतही असेच झाले. ‘हिल अँड रेंज’ ह्या प्रकाशन संस्थेच्या द्वारे प्रेस्लीच्या नावाच्या दोन कंपन्या काढण्यात आल्या होत्या. प्रेस्लीने गीत गावे अशी इच्छा असणाऱ्या गीतकाराला आपल्या मानधनाचा वा प्रकाशन-हक्काचा काही भाग ह्या कंपन्यांना सोडून द्यावा लागे. प्रारंभी गीतकारांनी ते मानले, कारण प्रेस्लीने गायिलेल्या गीताचा खप इतका असे की थोडे सोडूनही अधिक मिळे. पुढे खप उतरला, अट तशीच राहिली, आणि उत्तम गीतकार दूर गेले. डॉली पार्टन ह्या गायिकेने आपल्या एका गीताचा निम्मा प्रकाशन-हक्क पार्करने मागितल्यावर १९७० नंतरच्या दशकात नकार दिला. त्या गीताने पुढे, विशेषतः व्हिटनी ह्यूस्टनने ते १९९२ साली गायिल्यावर, तिला फार मोठे उत्पन्न दिले. प्रेस्लीला मात्र ते गीत गाता आले नाही. अडत्याच्या अटीमुळे मालकाच्या दुकानात चांगला माल येणे थांबावे, असा हा प्रकार होता.

करांच्या बाबतीत पार्करचे धोरण आणखी विचित्र होते. १९५४ ते १९६३ पर्यंत अमेरिकेत वैयक्तिक उत्पन्नावरील कराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता. एवढी मिळकत असणारे लोक कायद्याच्या मर्यादेत राहून कर कमी करण्याच्या योजना आखीत. प्रेस्लीसाठी अशी काही योजना केली गेली नाही. त्याचे कराचे हिशेब सरकारी कर-खात्याकडूनच करून घेण्यात येत. प्रामाणिकपणा म्हणून ह्याचे कौतुक करता येईल. पण आपल्या कागदपत्रांत कोणी खोल शिरू नये अशी ज्याला इच्छा आहे, त्यालाही हा मार्ग सोयीचा वाटेल, ह्याकडे चरित्रकारांनी लक्ष वेधले आहे.

२ जानेवारी १९६७ रोजी नवा करार झाला. चित्रपटाचे ठराविक वेतन व ध्वनिमुद्रण कंपनीची ठराविक आगाऊ रक्कम ह्यांवर पार्करचा हिस्सा पंचवीस टक्केच राहिला. त्यापलीकडील नफा व इतर उद्योग ह्यांत मात्र तो निम्म्याचा धनी झाला. आता शब्द आला तो संयुक्त उद्योगाचा, म्हणजे भागीदारीचा. आपले दुसरे कोणतेही गिऱ्हाईक नाही, सर्व वेळ आपण ह्या एकाच कामाला देतो, हे पार्करचे समर्थन होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. परंतु भागीदाराने भांडवल घालावयाचे असते अथवा तोटा सोसावयाचा असतो. ह्या भागीदारीत गाणे, प्रवास, प्रकृतीची झीज आणि लोकांची नाराजी हे सर्व एकाच्या वाट्याचे होते. नफा वाटला गेला, जोखीम वाटली गेली नाही.

५

३१ जुलै १९६९ रोजी लास व्हेगासमधील ‘इंटरनॅशनल’ ह्या नव्या हॉटेलात प्रेस्लीचे प्रयोग सुरू झाले आणि १९७६ पर्यंत तेथे सहाशेहून अधिक प्रयोग झाले. ह्या प्रयोगांनी त्याची कीर्ती पुन्हा उजळली, हे निर्विवाद आहे. त्याच वेळी एक नवे द्वंद्व उत्पन्न झाले. पार्करला जुगाराचे व्यसन होते. तो त्याच हॉटेलच्या जुगारगृहात वर्षाकाठी १० लाख डॉलरपर्यंत हरत असे, असे पुढे सांगण्यात आले. ज्या हॉटेलकडून गायकासाठी अधिकात अधिक मोबदला मागावयाचा, त्याच हॉटेलचा ऋणको होऊन बसलेला मनुष्य कितपत मोकळेपणाने घासाघीस करू शकेल? पहिल्या प्रयोगांच्या यशानंतर पुढील पाच वर्षांसाठी आठ आठवड्यांस १० लाख डॉलर असा दर ठरला. तो त्या दिवशी चांगला होता. पण महागाई व वाढती लोकप्रियता ह्यांना त्यात फारसा वाव नव्हता.

परदेश दौऱ्यांचा प्रश्नही ह्याच काळात पुढे आला. युरोप व जपानमधून मोठ्या रकमांची निमंत्रणे येत असतानाही प्रेस्लीने अमेरिकेबाहेर कार्यक्रम केले ते केवळ १९५७ साली कॅनडातील तीन शहरांत. जानेवारी १९७३ मध्ये हवाईतील त्याचा कार्यक्रम उपग्रहाद्वारे अनेक देशांत दाखविण्यात आला. गायक मात्र त्या देशांत गेला नाही. पार्करजवळ अमेरिकन पासपोर्ट नव्हता आणि तो मागावयाचा तर आपला जन्म उघड करावा लागला असता. केवळ ह्याच कारणामुळे दौरे झाले नाहीत असे निश्चयाने म्हणता येत नाही. सुरक्षिततेची व इतर कारणेही दिली जात. परंतु अडत्याची खाजगी अडचण मालकाच्या व्यापाराची सीमा ठरवीत होती, ही शंका टाळणे कठीण आहे.

ह्या सर्वांहून दूरगामी ठरला तो मार्च १९७३ चा व्यवहार. तोपर्यंत मुद्रित झालेल्या सर्व गाण्यांवरील मानधनाचा पुढील हक्क प्रेस्लीने आर. सी. ए. कंपनीला ५४ लाख डॉलरना कायमचा विकला. ही रक्कम दोघांनी निम्मी निम्मी घेतली. त्याच वेळी कंपनीने पार्करशी व त्याच्या संस्थेशी निराळे करार केले. ते सर्व एकत्र मोजले असता गायकापेक्षा व्यवस्थापकाच्या वाट्याला अधिक पैसा येत होता. प्रेस्लीचा घटस्फोट त्या वर्षी व्हावयाचा होता, त्याला रोख रकमेची निकड होती, आणि करारावर सही त्याने स्वतः केली, हे विसरता कामा नये. तरीही कर वजा जाता त्याच्या हाती जे राहिले ते अल्प होते, आणि १९५४ पासूनच्या त्याच्या उत्तमोत्तम गाण्यांचे उत्पन्न त्याच्या वंशजांना कायमचे अंतरले. शेतकऱ्याने एका वर्षाच्या नडीसाठी विहिरीसकट मळा विकावा, तसा हा सौदा होता. अशा प्रसंगी नको म्हणावयाचे काम व्यवस्थापकाचे असते. तो स्वतःच निम्म्याचा वाटेकरी असल्यामुळे नको म्हणणारा कोणी उरलाच नाही.

६

१६ ऑगस्ट १९७७ रोजी प्रेस्ली मरण पावला. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे अवघ्या दोन दिवसांत, त्याच्या नावाच्या वस्तू विकण्याचा परवाना ‘फॅक्टर्स’ ह्या कंपनीला देण्यात आला. परवाना देणारी ‘बॉक्सकार’ ही संस्था १९७४ साली स्थापन झाली होती व तिच्यात सर्वांत मोठा हिस्सा पार्करचा होता. ज्याच्या नावाचा व्यापार चालावयाचा त्या प्रेस्लीचा हिस्सा त्याहून कितीतरी कमी होता. गायकाचे वडील व्हर्नन हे मालमत्तेचे व्यवस्थापक होते. त्यांनी पार्करचा निम्मा वाटा पूर्ववत चालू ठेविला. येथे कायद्याचा एक मूलभूत मुद्दा उपस्थित होतो. मालक मरण पावला की अडत्याचा अधिकार संपतो. आपल्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमातही असेच सांगितले आहे. प्रेस्लीच्या मृत्यूनंतर पार्कर कोणाचा व्यवस्थापक होता?

जून १९७९ मध्ये व्हर्ननही मरण पावले. मालमत्तेची जबाबदारी प्रेस्लीची घटस्फोटित पत्नी प्रिसिला, एक हिशेबनीस आणि मेंफिसमधील एक बँक ह्यांच्याकडे आली. वारस होती प्रेस्लीची एकुलती मुलगी लिसा मेरी. पित्याच्या मृत्यूसमयी ती नऊ वर्षांची होती. पार्करला निम्मा वाटा देण्यास न्यायालयाची मान्यता मिळावी असा अर्ज जेव्हा ह्या व्यवस्थापकांनी केला, तेव्हा न्यायाधीश जोसेफ एव्हान्स ह्यांनी ती सहज दिली नाही. १९८० साली त्यांनी ब्लँचर्ड ट्यूअल ह्या वकिलाची अज्ञान मुलीच्या हितरक्षणासाठी नेमणूक केली. म्हणजे पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच असा एक मनुष्य ह्या व्यवहारात आला की ज्याचे कर्तव्य त्याच्या पदनामातच लिहिलेले होते आणि ज्याचा नफ्यात वाटा नव्हता.

ट्यूअल ह्यांनी सादर केलेल्या अहवालांचा निष्कर्ष कठोर होता. पार्करचा मेहनताना धंद्यातील रीतीच्या कितीतरी पलीकडचा होता. १९७३ ची विक्री प्रेस्लीच्या हिताविरुद्ध होती. आणि पार्करने स्वतःचे हित व गायकाचे हित ह्यांची सरमिसळ केली होती. ऑगस्ट १९८१ मध्ये न्यायालयाने पार्करला द्यावयाच्या रकमा थांबविल्या आणि त्याच्यावर दावा दाखल करण्याचा आदेश दिला.

ह्यावर पार्करने जो बचाव केला तो भाषा व कायदा ह्या दोहोंच्या अभ्यासकांस विचार करावयास लावणारा आहे. पन्नास वर्षे जे लपविले तेच त्याने आता पुढे केले. आपण जन्माने डच आहोत, परवानगीवाचून परकीय सैन्यात चाकरी केल्याने डच नागरिकत्व गमावले आहे, आणि अमेरिकन नागरिकत्व कधीच घेतलेले नाही. सारांश, आपण कोणत्याच देशाचे नागरिक नसल्यामुळे संघराज्याच्या न्यायालयात आपल्यावर दावा चालू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्याने नाव, पदवी, सल्लागार, व्यवस्थापक, भागीदार असे एकामागून एक शब्द धारण केले, त्याने शेवटी आपणास कोणताच शब्द लागू पडत नाही असे सांगितले. ह्या मुद्द्यावर निर्णय होण्याची वेळ आली नाही. १९८३ साली तडजोड झाली. प्रेस्लीच्या नावाशी व ध्वनिमुद्रणांशी निगडित हक्क पार्करने सोडले आणि त्याच्या मोबदल्यात त्याला सुमारे २० लाख डॉलर मिळाले.

७

ह्या प्रकरणाचा वारसा दोन ठिकाणी पाहावा लागतो. एक मालमत्तेत, दुसरा कायद्यात.

प्रेस्लीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेची किंमत सुमारे ५० लाख डॉलर धरली जाई, आणि एकट्या ग्रेसलँड ह्या निवासस्थानाच्या देखभालीस वर्षाला ५ लाखांच्या आसपास खर्च येई. जुन्या गाण्यांचे मानधन नव्हते. अशा स्थितीत घर विकणे हाच मार्ग दिसत होता. प्रिसिला हिने तसे न करता ७ जून १९८२ रोजी ते घर लोकांस पाहण्यासाठी खुले केले. ह्या एका निर्णयाने मालमत्ता वाचली. २००५ साली तिच्या व्यापारी अंगातील ८५ टक्के हिस्सा १० कोटी डॉलरांच्या वर किमतीला विकला गेला. घर मात्र कुटुंबाकडे राहिले. म्हणजे गायकाच्या हयातीत जे कोणी केले नाही ते, नफ्यापेक्षा टिकाव पाहणाऱ्या व्यवस्थापनाने, त्याच्या मृत्यूनंतर केले.

कायद्यातील वारसा अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘फॅक्टर्स’ कंपनीने आपल्या परवान्याच्या आधारे इतर विक्रेत्यांविरुद्ध दावे लाविले. त्यांत प्रश्न असा होता की, माणसाच्या मृत्यूनंतर त्याचे नाव व त्याची छबी ही कोणाची मालमत्ता असते काय? मेंफिसमध्ये प्रेस्लीचा पुतळा उभारण्यासाठी एक संस्था देणगीदारांना लहान प्रतिकृती देत होती. तिच्या प्रकरणात १९८० साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा हक्क मृत्यूबरोबर संपतो असा निर्णय दिला. म्हणजे नाव सर्वांचे झाले. १९८४ साली टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा हक्क वारसांकडे जातो असे ठरविले, आणि १९८७ साली त्या राज्याच्या अपील न्यायालयानेही तेच तत्त्व मान्य केले. पुढे २०२४ मध्ये, यंत्राने आवाजाची हुबेहूब नक्कल करणे शक्य झाल्यावर, त्याच राज्याने आवाजालाही स्पष्ट संरक्षण देणारा कायदा केला. त्या कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली असता ‘एल्विस’ हा शब्द होतो.

नावाला किंमत आहे हे पार्करने १९५६ साली ओळखले होते. ती किंमत कायद्याने मान्य करवून घेण्याची खटपट त्याने दिलेल्या परवान्यापासून सुरू झाली. फळ मात्र त्याच्या विरुद्ध पक्षाला, म्हणजे त्या अज्ञान मुलीला, लाभले.

८

पार्कर २१ जानेवारी १९९७ रोजी लास व्हेगास येथे मरण पावला. आयुष्यात त्याने १० कोटी डॉलरांच्या घरात मिळविले असावेत असा अंदाज केला जातो; मागे सुमारे १० लाख राहिले. बाकीचे बव्हंशी जुगाराच्या मेजावर गेले. म्हणजे प्रेस्लीचा निम्मा पैसा पार्करच्या घरातही थांबला नाही. लुटारूची संपत्ती म्हणून जी कल्पना रंगविली जाते ती ह्या आकड्यांपुढे टिकत नाही.

त्याच्याविषयीचे मत काळानुसार पालटत गेले आहे. १९८१ नंतरच्या पुस्तकांत त्याचे जन्मरहस्य व त्याचा लोभ ह्यांवर भर होता. २००३ साली अ‍ॅलना नॅश हिने त्याचे विस्तृत व टीकात्मक चरित्र लिहिले. २०२२ च्या चित्रपटात तो जवळजवळ खलनायक झाला. २०२५ साली पीटर गुरालनिक ह्या प्रेस्लीच्या चरित्रकाराने पार्करच्या पत्रव्यवहाराच्या आधारे त्याची अधिक सहानुभूतीची बाजू मांडली. त्यातील पार्कर कष्टाळू, शब्द पाळणारा व गायकाच्या कलेत ढवळाढवळ न करणारा आहे. ही दोन्ही चित्रे परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः तसे नाही. करार काटेकोरपणे पाळणारा मनुष्यही अन्याय्य करार करू शकतो. पार्करने दिलेला शब्द बहुधा पाळला. शब्द निवडला मात्र त्याने स्वतः.

कलावंताच्या आणि त्याच्या व्यवस्थापकाच्या नात्यात विश्वास हवा, असे आपण सहज म्हणतो. ह्या प्रकरणावरून दिसते ते असे की प्रेस्लीपाशी विश्वासाची उणीव नव्हती; उणीव होती ती तिसऱ्या माणसाची. त्याच्या बाजूने करार वाचणारा स्वतंत्र वकील, हिशेब तपासणारा स्वतंत्र हिशेबनीस, ह्यांपैकी कोणीही पार्करच्या तोलाचा त्याच्याजवळ उभा नव्हता. असा मनुष्य न्यायालयाने नेमला तो त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, आणि तोही त्याच्यासाठी नव्हे, त्याच्या मुलीसाठी. अडत्या आणि भागीदार ह्यांतील भेद आपल्या बाजारातील साध्या व्यापाऱ्यालाही कळतो. तो कळूनही कागदावर कोणता शब्द लिहिला आहे हे दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागते. पन्नास टक्के हा आकडा गाजला. परंतु मुलीचा वारसा गेला तो त्या आकड्यामुळे नव्हे, तर भागीदाराचा वाटा घेणाऱ्याला व्यवस्थापकाच्या कर्तव्याचा जाब कोणी विचारला नाही म्हणून.